ठकूबाईखालचा कागद

— झोपली ना एकदाची? झोपू द्या. नाही नाही, हळू बोलायची काही गरज नाही, ताई, माझी टकळी चालू असली की तिला गाढ झोप लागते, मी गप्प झाले तरच एक डोळा उघडून बघते, म्हातारी आहे की गेली म्हणून. ठकूबाईंची तऱ्हाच निराळी. कागद नीट सरकवलात ना खाली? मागच्या पायांखाली यायला हवा, गळतं ते तिथून. हं, दिसतोय, पांढराशुभ्र आहे अगदी. तुमच्या डॉक्टरांचंही काय एकेक — मांजर झोपलं की खाली कागद घाला आणि बघत बसा! मी फोनवर म्हटलं त्यांना, अहो, मी सांगतेय ना गळतंय म्हणून, मी काय खोटं बोलेन? तर म्हणाले, आजी, गोळी वाढवली, परत वाढवली, तरी फरक नाही, असं माझ्याकडे कुठल्याच मांजराचं झालं नाही. दवाखान्यात आणली की भीतीनं ती झोपत नाही आणि जागेपणी गळत नाही, तेव्हा माझ्या मदतनीस बाई घरीच येतील, झोपेत किती गळतं ते कागदावर बघतील, आणि तुम्ही म्हणता तसंच असेल तर मग — मग टोपलीत घालून घेऊन येतील. इंजेक्शनला. ती दाराशी ठेवलीय ती तुमचीच ना टोपली? चांगली आहे. हवेशीर आहे. आत टॉवेलही घातलात तुम्ही, बरं केलंत.

बसा हो स्टुलावर, उभ्या किती वेळ राहाल. ही झोपली की तासभर हलत नाही. आणि माझ्याकडे असं बघू नका, मी काही रडायची नाही. रडून रडून काय होणार, आधीच घरात ओलावा काय कमी आहे? कंबरडं मोडलंय माझं हिचं करता करता. तुम्हाला वाटेल म्हातारीला दुसरं काम काय — अहो, सकाळी उठलं की आधी हिच्या खालचं कापड काढायचं, गार पाण्यातून काढायचं, मग गरम पाण्यात, मग हिचे पाय पुसायचे, तिथले केस कातरायचे, लाल झालं असेल तर मलम, आणि मलम लावलं की ती ते चाटणार, म्हणून चाटू नये एवढा वेळ मांडीवर धरून बसायचं. धरून ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे? एवढीशी राहिलीय, पिसासारखी, पण राग आला की हाताचं भरीत करते. हे बघा ना हात. नव्यानं भाजी चिरायला शिकणारीच्या हातावर नसतील एवढे ओरखडे. मग गोळी. गोळी कुटायची, माशाच्या लगद्यात कालवायची, ती सगळा लगदा खाणार आणि गोळीची पूड तेवढी वाटीच्या कडेला ठेवणार, निवडून! मी आयुष्यभर पडदे शिवले, ताई, बारीक कामाची मला सवय आहे, पण या बाईपुढे मी हात टेकले.

हो, पडदेच. पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत माझं मशीन होतं. ही तिथलीच. कापडाच्या गठ्ठ्यात हिची आई व्याली, महागातल्या कापडावर, मालकांच्या कपाळाला ही एवढी आठी, म्हणाले पोत्यात घाला आणि सोडून या. बाकीची पिल्लं कोणी कोणी नेली, ही उरली — एक डोळा चिकटलेला, कोण नेणार? डब्याच्या पिशवीत घालून मी घरी आणली. आमचे हे म्हणाले, हे काय आणलंस? मी म्हटलं, उरलेलं आणलंय. तेव्हापासून आहे. हे गेले, ते जुनं घर गेलं, मशीन गेलं, मी मुलाकडे राहायला आले ती एक सुटकेस आणि हिची पेटी घेऊन. म्हणजे बघा, माझं म्हणावं असं या घरात हे एवढंच आहे.

ते ना? तो तिचा लंगोट. मीच शिवला. विकत मिळतात, पण ते तिच्या कमरेला राहत नाहीत, आणि शेपटीचं भोक भलत्या ठिकाणी. मी रीतसर माप घेतलं — कंबर, घेर, शेपटीचा बुंधा. आत जुन्या टॉवेलचे पदर, वर रेनकोटचं कापड, कडेला पट्टी. पहिल्यांदा घातला तेव्हा ही अशी चालली, अशी, मागचे पाय फाकवून, एखादी जाडी बाई चिखलातून साडी सावरत जाते ना तशी, आणि आरशासमोर जाऊन बसली, आणि स्वतःकडे बघून अशी काही — अशी काही ओरडली — नको. नको, हसवू नका मला. तुम्ही हसलात की मलाही येतं. थांबा जरा. झालं. काही नाही, ठसका लागला.

काय बघताय तिकडे? वाळत घातलेलं? ते तिचंच सगळं. छोटे तिचे आणि ते मोठे चौकोन — ते मोठे तिच्या अंथरुणाखाली घालायचे. नाड्या? नाड्या सरकू नयेत म्हणून. अंथरुणाला बांधायच्या. हो, मऊ कापड आहे, मांजर झालं म्हणून काय झालं, टोचू नये ना कोणाला. — कागद कशाला उचलून बघता सारखा? होईल ना ओला! वेळ लागतो, नळ आहे का तो, फिरवला की आला? आज पाणी कमी प्यायली ती. पोट चाचपलंत? भरलेलं आहे? मग बघा, भरलेलं आहे तर होणारच. बसा तुम्ही.

सूनबाई वाईट नाही हं. आधीच सांगून ठेवते, कारण मांजराचं बोलायला लागलं की लोकांना वाटतं सून छळत असेल. छळत वगैरे काही नाही. ऑफिसातून येते, दारातच नाक वर करते — वर करते म्हणजे मुद्दाम नाही हो, तिचं नाकच तीक्ष्ण आहे, तिसऱ्या मजल्यावर कोणी दूध उतू घालवलं तरी तिला खाली कळतं. मग बॅग ठेवायच्या आधी बादली. सोफ्याची खोळ काढ, भिजव, फवारा मार, खिडक्या उघड. एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, मिटलं असतं. ती नुसती खोळ काढते. मग सोफ्यावर प्लास्टिक आलं. पाहुणे यायचे असले की ही माझ्या खोलीत, दार बंद. मग पाहुणे नसले तरी दार बंद. मग गाडीतही नको, कारण गाडीची मागची सीट — तुम्ही बाहेर बघितलीत ना गाडी? नवी आहे. दवाखान्यातून हिला घेऊन येताना सीट ओली झाली. ही टोपलीत होती, टोपलीचं झाकण बंद, तरी ओली झाली. झिरपलं असेल, असं मीच म्हटलं. टोपलीतला टॉवेल — तो — तो कोणी बघितला नाही.

सुरुवातीला खरंच गळायचं हो तिचं! हे खोटं नाही. मागल्या थंडीच्या आधीच्या थंडीत सुरू झालं. झोपून उठायची आणि जागा ओली. स्वतःच दचकायची, वळून वास घ्यायची, आणि माझ्याकडे असं बघायची की हे कोणी केलं इथे? मग कोपऱ्यात जाऊन बसायची, पाठ करून. जनावराला लाज नसते म्हणतात ना, म्हणणाऱ्यांनी मांजर पाळलं नसणार. मी तिला सांगायची, अगं होतं, वय झालं की होतं, त्यात काय एवढं, मी आहे ना. डॉक्टर म्हणाले तिथला स्नायू सैल झालाय, झोपेत तिला कळत नाही. तिला कसं सांगणार हे? मी आपली पाठीवरून हात फिरवायची. तेव्हा मला कंटाळा नव्हता आला. थकवा होता, पण कंटाळा नव्हता.

मग तो रविवार. शेजारची मंडळी आली होती दुपारी, आणि आमचे चिरंजीव रंगात आले, लहानपणी पडद्यामागे लपून दुकानाच्या मालकांना कसं घाबरवलं ते सांगायला लागले, साभिनय! सगळे पोट धरून हसतायत, मी तर इतकी हसले, इतकी — किती वर्षांनी तशी हसले असेन — आणि पाणी आणायला उठले, तर मागून सूनबाईचा आवाज, अगंबाई, ठकूनं परत केलं वाटतं! सोफ्यावर हा एवढा डाग. सगळे उठून उभे. ती धावली फडकं आणायला. मी म्हटलं, हो ना गं, काय करावं या मांजराला. एवढंच म्हटलं. आणि ठकू बिचारी तिकडे गॅलरीत ऊन खात पडलेली, तिला पत्ताही —

काय?

नाही, गॅलरीत म्हणजे — आधी सोफ्यावर होती ना ती. मग गेली असेल गॅलरीत. मांजराचं काय, आत्ता इथे, आत्ता तिथे. तुम्ही कागद बघा. कागदाकडे बघा, माझ्याकडे काय बघताय?

कोरडाच आहे म्हणता?

हो, मला दिसतंय, ताई. चष्मा असला तरी एवढं दिसतं मला.

गोळ्या लागू पडल्या तिला. पहिल्याच गोळ्या. महिनाही झाला नव्हता, खालचं कापड कोरडं यायला लागलं. मला इतका आनंद झाला, म्हटलं संध्याकाळी मुलाला सांगू, सूनबाईला सांगू, प्लास्टिक काढा म्हणून सांगू. आणि त्याच आठवड्यात तो रविवार आला. आता तुम्हीच सांगा, मी कसं सांगणार? मांजर बरं झालंय म्हटलं, तर मग सोफा कोणी ओला केला? म्हणून नाही सांगितलं. एकदा नाही सांगितलं, मग दुसऱ्यांदा नाही सांगितलं. मग खुर्ची, मग गादी, मग गाडी. शिंक आली की, ठसका लागला की, जिना उतरताना, पिशवी उचलताना — कळतंसुद्धा नाही हो, कळतं तेव्हा झालेलं असतं. आणि दर वेळी मला तोंड उघडावं लागत नव्हतं. ठकूचं नाव आधीच तयार असायचं सगळ्यांच्या तोंडात. मी फक्त गप्प बसायची. ते मोठे चौकोन माझे आहेत. तुम्हाला कळलंच होतं, नाही का, नाड्या बघितल्यात तेव्हाच? मांजराच्या अंथरुणाला कोण नाड्या बांधतं!

वाढवलेल्या गोळ्या मी दिल्या नाहीत हं तिला. डॉक्टरांना सांगा तुम्ही, तेवढी मी वाईट नाही. सगळ्या त्या कपाटात आहेत, माझ्या शिवणाच्या डब्यात. बरी असलेल्या जिवाला उगाच औषध मी कशाला घालीन? तिचा लंगोटसुद्धा मी घालायचा म्हणून घालते, कोणी घरात असलं की. ती मुकाट्यानं घालून घेते. कोरडा काढते आणि कोरडाच धुते. काय करणार, वाळत दिसायला हवा ना!

का नाही सांगितलं म्हणता? तुम्ही काहीच म्हणत नाही म्हणा, पण मनात म्हणत असाल. अहो, मी बघितलं ना तिचं काय झालं ते. आधी सोफ्यावर प्लास्टिक. मग दार बंद. मग कोणी मांडीवर घेईना. पूर्वी चिरंजीव ऑफिसातून आले की तिला खांद्यावर टाकून घरभर फिरवायचे, आता पायानं बाजूला करतात, हळूच, प्रेमानंच, पण पायानं. हे सगळं मांजरापुरतं ठीक आहे, मांजराला काय कळतं, असं ते म्हणतात. मला तर कळेल ना? माझ्या खुर्चीवर प्लास्टिक घातलं तर मला आवाज येईल त्याचा, बसताना.

आणि परवा जेवायला बसलो होतो. चिरंजीव पानातून मान वर न करता म्हणाले, किती दिवस ओढायचं आता? तिलाही त्रास, घराला त्रास. सगळं जागेवरच होतंय, औषधाचा उपयोग नाही. अशा वेळी सोडवलेलं बरं, त्यातच माया आहे. ताई, माझा घास हातात तसाच राहिला. तो ठकूचं बोलत होता. मला ठाऊक होतं तो ठकूचं बोलत होता. पण मला वाटलं — काय वाटलं ते तुम्हाला सांगायला नको. त्यानं विचारलं, चालेल ना तुला, आई? किती मऊ आवाजात विचारलं. आणि मी मान हलवली. हो म्हणून! तोंडातून शब्द काढायचा होता तेव्हा मान हलवली मी. त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. सूनबाईचे डोळे भरले, माझ्या पाठीवर हात ठेवला तिनं. मी तो हात ठेवू दिला.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघत नाही. ती येते, मांडीवर चढायला बघते, चढता येत नाही तिला, पुढचे पाय लावून उभी राहते नुसती, आणि मी टीव्हीकडे बघते. मी म्हटलं होतं ना रडणार नाही — हे रडणं नाही, हे आपलं आपोआप येतंय. माझ्यातलं सगळंच आपोआप यायला लागलंय आता.

काय म्हणालात? तुम्हालाही? खोटं! तुमचं वय काय, ताई! — धाकट्याच्या वेळेपासून? म्हणजे शिंकलं की? आणि दोरीवरच्या उड्या... हो, उड्या तर विसराच. आणि सांगितलंत कोणाला? नवऱ्याला? नाही ना? बघा. म्हणजे दुसऱ्याला सांगायला आपण सगळ्या हुशार. काय, इलाज असतो? व्यायाम? बायकांच्या डॉक्टरांकडे? — असेल, असेल. मांजराला गोळी आहे तर आपल्यालाही काहीतरी असेलच. मी एवढ्या वेळा त्या दवाखान्यात गेले, मांजराची सगळी लक्षणं घडाघडा सांगितली, किती वेळा, कशानं, केव्हा — सगळी माझीच सांगत होते की मी! आणि ते बिचारे मांजराच्या फाइलीत लिहून घेत होते.

नाही, हसत नाही मी. मघाशी तो ठसका लागला ना, तेव्हापासून या खुर्चीतून मी हललेली नाही. तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही, आलं का लक्षात?

थांबा. लिफ्ट वाजली. — सूनबाईच आहे, तिच्या चाव्यांचा आवाज ओळखते मी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतेय ती. म्हणाली, ठकूला नेतील तेव्हा तुम्ही एकट्या नको, आई. ऑफिसात खोटं सांगून येतेय, मांजरासाठी रजा देत नाहीत म्हणून घरात आजारपण आहे असं सांगितलंय. बघा म्हणजे.

काढा. काढा तो कागद तिच्या खालून, उठली तर उठू दे. डॉक्टरांना नेऊन दाखवा, कोरडा आहे म्हणावं, आणि बाकीचं मी फोनवर सांगते. नाही, तुम्ही नका सांगू, मी सांगते. तुम्ही या आता. टोपली उचला. अहो रिकामीच न्या म्हणतेय ना — टॉवेलसकट न्या, तुमचा टॉवेल आहे. सूनबाईशी काही बोलू नका जाताना, नुसतं नमस्कार म्हणा आणि जा. जा हो, नाहीतर मला धीर व्हायचा नाही.

— ये गं. नाही, नाही नेलं तिला. ही काय, झोपलीय. रडू नकोस, काही झालं नाही, त्या बाईंना जाऊ दे, दारातून बाजूला हो. पर्स ठेव. बादली राहू दे, आधी इकडे ये. असं समोर. मला हात दे जरा, उठव मला. उठले की दिसेलच तुला.